चकाचक गल्लीतल्या हौदात डेंग्यूच्या अळ्या का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. कचरागाडी रोज येते, गल्ली चकाचक असते. तरी दिवाळीच्या तोंडावर आमच्या इमारतीत डेंग्यू निघाला आणि सर्व्हेला आलेल्या निगमच्या (महापालिकेच्या) माणसाला आमच्याच हौदात अळ्या सापडल्या. पाणी तर नर्मदेचं, प्यायचं. अळ्या घाण पाण्यात होतात ना? बोअरच्या जड पाण्यात कमी होतात का? मागच्या नाल्याचा यात काय संबंध? आणि आवारातल्या जुन्या विहिरीत मासे सोडले तर भागेल का?"

घाण पाण्याचा समज क्यूलेक्स नावाच्या डासापुरता बराचसा खरा आहे, आणि क्यूलेक्स डेंग्यू पसरवत नाही. रात्री कानाशी गुणगुणून झोप उडवतो तो हा. डेंग्यू आणि चिकुनगुनिया एडीसकडून येतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी, टेबलाखाली घोट्याला. तिसरा ॲनोफिलीस स्टीफन्सी, शहरी मलेरियाचा वाहक. विहिरी, हौद, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेलं पाणी ही त्याची घरं. तिघांच्या पाण्याच्या आवडी वेगळ्या आहेत. तरीही इतकी वर्षं टाक्यांमध्ये वाकून पाहिल्यावर मी कुठल्याही पाण्याबद्दल दोनच गोष्टी आधी विचारतो. हे पाणी शेवटचं कधी पूर्ण रिकामं झालं होतं? आणि यात अळीला खाणारं कुणी राहतं का? रंग, वास, टीडीएस (विरघळलेले क्षार) वगैरे सगळं त्यानंतर.

आता तुमचा हौद. नर्मदा तिच्या काठच्या जलूद गावाहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, चढ चढून आपल्याकडे येते आणि बहुतेक वस्त्यांत दिवसाआड येते. साहजिकच प्रत्येक इमारतीखाली हौद आहे, आणि नर्मदा आली की तो काठोकाठ भरून घ्यायचा ही आपली सवय. हौदाची पातळी रोज उतरते, दिवसाआड चढते. एडीसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर, एकेक सुटं अंडं चिकटवते. अंडं आधी पांढरं असतं, काही तासांत काळं पडतं. आकार खसखशीहूनही बारीक, त्यामुळे हौदाच्या भिंतीवर ते दिसणं जवळपास अशक्यच. पुढच्या खेपेला नर्मदा आली, पाणी चार बोटं वर चढलं, की अंडी बुडतात आणि फुटतात. मुद्दाम एडीस वाढवायचे म्हटले तरी यापेक्षा सोयीची व्यवस्था सुचणार नाही.

त्यात आणखी एक गोष्ट, जी हौद वापरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मोटर पाणी तळातून ओढते आणि अळ्या राहतात वर. त्यांना श्वासासाठी पृष्ठभागावर यावंच लागतं. रोज हजारो लिटर पाणी गच्चीवर चढतं, पण हौदातला वरचा वीतभर थर तिथेच घुटमळत राहतो. पातळी खाली गेली की अळ्याही खाली जातात, भरली की वर येतात. पाणी रोज खेळतं आहे, मग अळ्या कशा, असं लोक विचारतात. पाणी खेळतं हे खरं, पण तळाशी. शिवाय जमिनीखालच्या हौदाचं पाणी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात कोमट असतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, तिथे अळी शिजून जाते. खालच्या हौदाला मात्र बारा महिने सुगीच. म्हणून एडीसच्या बाबतीत मला गच्चीपेक्षा हौदाची जास्त काळजी वाटते. गच्चीच्या टाकीचं झाकण तुटलेलं असेल किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नसेल तर गोष्ट वेगळी, कारण मग पाऊस पडून हवा गार झाली की स्टीफन्सी तिथे हमखास पोचतो.

"पण पाणी स्वच्छ होतं" यावर थोडं थांबतो. एडीसला स्वच्छ पाणी आवडतं असं पाठ्यपुस्तकात असतं, आणि ते अर्धंच खरं आहे. अगदी ताज्या नळाच्या पाण्यात अळीला खायला काही नसतं. अळी जगते ती जिवाणू, शेवाळ आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कणांवर. मादी वासावरून पाणी निवडते, आणि गवत किंवा पानं भिजून जरा आंबलेलं पाणी तिला नितळ पाण्यापेक्षा जास्त खुणावतं. अंडी मोजायचे सापळे लावताना आम्ही त्यात गवत कुजवलेलं पाणी घालतो, ते याच कारणासाठी. अंडंही तयारीचं असतं. पाण्यात जिवाणू वाढले की विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि ही घट अंड्याला फुटायचा इशारा देते. खाद्य तयार झालं आहे, आता बाहेर पडायला हरकत नाही, असा त्याचा हिशेब. तेव्हा हौदाच्या भिंतीवर बोट फिरवल्यावर लागणारा बुळबुळीत थर हे अळीचं जेवण आहे, आणि अंडी चिकटायची जागाही तीच. प्वेर्टो रिकोत तर भेगा पडलेल्या सेप्टिक टँकमधून एडीस मोठ्या संख्येनं निघाल्याची नोंद आहे. तेव्हा "एडीस फक्त स्वच्छ पाण्यात" हे वाक्य डोक्यातून काढलेलं बरं. आपल्या घरांत तो साठवलेल्या पाण्यात जास्त सापडतो, कारण त्याला हवं तसं, भिंती असलेलं आणि शत्रू नसलेलं पाणी आपण तिथे ठेवतो.

अंड्यांची चिवटपणाची गोष्ट कूलरवरून चांगली कळते. दसऱ्याच्या सुमाराला कूलर बंद होतो, टाकी उपसून माळ्यावर किंवा गॅलरीत जातो. टाकी कोरडी, म्हणून आपण निश्चिंत. पण भिंतीला चिकटलेली एडीसची अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी भरलं की आठवड्याच्या आत टाकीत वळवळ सुरू होते आणि लोक म्हणतात, यंदा डास लवकर आले. ते गेल्या वर्षीचेच असतात. म्हणून कूलर ठेवताना टाकी काथ्याने किंवा तारेच्या घासणीने खरडून घासायची, गवताच्या जुन्या जाळ्या टाकून द्यायच्या, आणि काढताना पुन्हा एकदा घासायची. नुसतं पाणी ओतून देण्याने अळ्या जातात, अंडी राहतात. क्यूलेक्सचं तसं नाही. त्याची मादी शंभर-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून, काजळीच्या कणासारखा दिसणारा तराफा पाण्यावर तरंगत सोडते. एक-दोन दिवसांत ती फुटतात आणि पाणी आटलं तर मरतात. ॲनोफिलीसची अंडी सुटी तरंगतात, तीही फार कोरडं सोसत नाहीत.

घरातली बाकीची भांडी तुम्हाला माहीत असतील, मनी प्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची थाळी, पक्ष्यांसाठी टांगलेले सकोरे, गॅरेजमागचे टायर. यातली एकच जागा वेगळी सांगतो, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही: फ्रिजच्या मागचा ट्रे. काँप्रेसरच्या उबेमुळे ते पाणी थंडीतही कोमट राहतं. बाहेर हवा गार पडली की उघड्यावरच्या अळ्यांची वाढ रेंगाळते, ट्रेमधल्यांची नाही.

तापमानाचा हिशेब असा. 27-28 अंशांच्या पाण्यात एडीसचं अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. 20 अंशांच्या आसपास हाच काळ दोन-तीन आठवड्यांवर जातो. आठवड्यातून एक दिवस पाणी रिकामं करून कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो या आठ दिवसांच्या आतला आहे. दोन आठवड्यांतून एकदा केलेला कोरडा दिवस ऑक्टोबरच्या हवेत काही कामाचा नाही.

आणि अर्धवट साफसफाईबद्दल. एखाद्या पिंपात अळ्यांची दाटी झाली की खाद्य कमी पडतं, वाढ लांबते, बऱ्याच अळ्या वाटेतच मरतात आणि जे डास निघतात ते लहानखुरे असतात. अशा पिंपातलं अर्धं पाणी, म्हणजे अर्ध्या अळ्या, ओतून दिलं तर उरलेल्यांना पोटभर मिळतं. बाहेर पडणाऱ्या डासांची संख्या फारशी घटत नाही, उलट ते जास्त धष्टपुष्ट निघतात. पिंप रिकामं करायचं तर तळापर्यंत. म्हणूनच अळ्या किती दिसल्या या आकड्याने मी घाबरत नाही आणि खूशही होत नाही. मी कोष शोधतो. अळी चार वेळा कात टाकते आणि चौथ्यांदा कोषात जाते. तो स्वल्पविरामासारखा वाकडा असतो, काही खात नाही, दोनेक दिवस गडबडत राहतो आणि मग त्यातून डास उडतो. शंभर बारीक अळ्यांपेक्षा पाच कोष जास्त महत्त्वाचे, कारण त्या शंभरातल्या किती मोठ्या होतील ते पाण्यावर अवलंबून आहे, आणि कोष मात्र जवळजवळ सगळे डास होणार आहेत.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न लवकर संपतो. टीडीएस 300 असो की 1200, अळीला फरक पडत नाही. पीएच आम्लाकडे किंवा अल्काकडे बराच झुकला तरी ती निभावते. घरच्या पाण्यात दिसणाऱ्या फरकांनी तिचं काही बिघडत नाही. नळाच्या पाण्यात शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असावा असा मानदंड आहे, तो जंतूंसाठी. अळी तेवढ्याने मरत नाही, आणि हौदात साठल्यावर तोही उडून जातो. कूलरमध्ये मीठ टाकणाऱ्यांना सांगायचं तर 50 लिटरच्या टाकीत मूठभर मिठाने लिटरला ग्रॅम-दीड ग्रॅम पडतं. तेवढं एडीसची अळी सहज सोसते, पत्रा मात्र गंजतो. खाऱ्या पाण्याने डासांची जात बदलते हे खरं, पण ते समुद्रकाठी. मचूळ पाण्यात वाढणारा ॲनोफिलीस तिकडचा, माळव्यात त्याची चिंता नको.

बोअरच्या इमारतींत अळ्या कमी सापडतात असं काही जण सांगतात, आणि ते निरीक्षण चुकीचं नसेलही. पण तिथे पाणी हवं तेव्हा उपसता येतं, साठवावं कमी लागतं. श्रेय साठवण नसण्याला द्यायला हवं.

आता नाला. इथे घाण पाण्याचा मुद्दा खरोखर लागू आहे, पण लोक समजतात तसा नाही. सांडपाण्यात जिवाणू भरपूर, म्हणजे खाद्य भरपूर, हे आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सांडपाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. त्यामुळे मासे, चतुराची पिल्लं, पाणकिडे, अळीला खाणारी सगळी मंडळी तिथे गुदमरून मरतात किंवा यायचंच टाळतात. क्यूलेक्सची अळी मात्र शेपटाकडची श्वासनळी पाण्याबाहेर काढून थेट हवा घेते, नळी तोंडात धरून डुंबणाऱ्या पोहणाऱ्यासारखी. पाण्यात प्राणवायू आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. शत्रू नसलेलं, अन्नाने भरलेलं घर तिला आयतं मिळतं.

तिचा खरा वैरी प्रवाह आहे. पाणी जरा वेगाने चाललं की अळीला पृष्ठभागाला धरून राहता येत नाही, ती वाहून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या कान्ह आणि सरस्वती नद्या भरून वाहतात, नाले धुऊन निघतात, आणि क्यूलेक्स घटतो. त्याच महिन्यांत पावसाने प्रत्येक सकोरा, टायर, पत्र्याचा खड्डा भरलेला असतो, म्हणून एडीस चढत जातो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर डेंग्यूचे दिवस होतात. पुढे नाले पुन्हा संथ होतात, फेब्रुवारीत हवा तापायला लागते आणि क्यूलेक्सचा उच्छाद सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात ते यांच्यामुळे. तेव्हा तुमच्या डेंग्यूचा मागच्या नाल्याशी संबंध जवळपास नाही. होळीच्या आसपासच्या झोपमोडीचा आहे.

नाल्याबद्दल एक तक्रार मी अनेकांकडून ऐकतो: सांडपाण्याच्या लाइन्स वळवल्या, नाला जवळजवळ कोरडा झाला, तरी डास वाढले. शक्य आहे. इंदूरला 2021 मध्ये वॉटर प्लसचा, म्हणजे सांडपाण्याच्या चांगल्या व्यवस्थेचा, मान मिळाला त्यामागे नाल्यांत पडणारं सांडपाणी अडवण्याचं मोठं काम होतं, आणि ते चांगलंच काम आहे. पण वाहणारा नाला आटतो तेव्हा पात्रातल्या खड्ड्यांत, तुटलेल्या फरशीखाली, प्लास्टिकच्या बांधामागे डबकी उरतात. प्रवाह गेला, अन्न राहिलं. अशा नाल्यात औषध मारण्याआधी पात्राला एकसारखा उतार देऊन डबकी मोडणं हे पहिलं काम, आणि त्याला फावडं पुरतं. तुमच्या मागच्या नाल्यात एकदा चालून बघा: पाणी कुठे थांबतं तेवढंच शोधायचं आहे.

तलावांना उगीच दोष देऊ नका, हेही इथेच सांगतो. इथले सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेले. सिरपूरच्या उघड्या पाण्यात अळी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. लाटा आहेत, मासे आहेत, पाणकिडे आहेत. अळ्या मिळतील त्या काठावरच्या गवतात, गुरांच्या खुरांच्या खळग्यांत आणि जलकुंभीच्या (जलपर्णीच्या) गालिच्यात, जिथे लाट पोचत नाही आणि मासा शिरत नाही. जलकुंभीखाली मॅन्सोनिया नावाचा एक निराळाच डास असतो. त्याची अळी श्वासनळी वनस्पतीच्या मुळात खुपसून तिथूनच हवा घेते, वर येतच नाही. त्यामुळे वरून तेल टाकून ती मरत नाही, वनस्पती काढावी लागते.

अळ्या बघायच्या कशा, हे इमारतीतल्या एका तरी माणसाला जमलं पाहिजे. झाकण उघडल्याबरोबर टॉर्च मारू नका आणि स्वतःची सावली पाण्यावर पडू देऊ नका. सावली पडली की अळ्या तळाला बुडी मारतात आणि हौद स्वच्छ दिसतो. दोन-तीन मिनिटं गप्प थांबा, मग पांढरी वाटी किंवा डाव कडेकडेने, भिंतीलगत, तिरका बुडवून पाणी घ्या. मध्यभागी सहसा काही मिळत नाही, अळ्या कोपऱ्यांत आणि कडेला गोळा होतात. वाटीत जी अळी पृष्ठभागाला आडवी समांतर पडून राहते ती ॲनोफिलीस, तिला श्वासनळी नसते. जी डोकं खाली करून तिरकी लटकते ती क्यूलेक्स किंवा एडीस. एडीसची नळी आखूड असते आणि चाल नागमोडी, सापासारखी. सरावाने नुसत्या चालीवरून ओळखता येते. निगमवाले येऊन घरं मोजतात, किती भांड्यांत अळ्या मिळाल्या ते लिहितात. शंभर घरांमागे अशी किती भांडी, यावरून वस्तीचा धोका ठरवतात. तुम्हाला तुमच्यापुरतं एवढं पुरे की भांडं कुठलं आणि त्यात कोष आहेत का.

हौदाला झाकण असं हवं की कडेनं अगरबत्तीची काडीही शिरू नये. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा सप्टेंबरच्या मध्यावर, पूर्ण उपसून भिंती घासा. ते जमत नसेल तर टेमेफॉस हे अळ्या मारायचं औषध आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणून ते अंदाजपंचे ओतू नका, निगमच्या माणसाकडूनच टाकून घ्या. बीटीआय हे जिवाणूंपासून केलेलं औषध हौदात चांगलं चालतं. नाल्याच्या गाळात त्याचा जोर पटकन ओसरतो, कारण अळीने ते गिळावं लागतं आणि तिथे गिळायला दुसरं खूप असतं. दोन्हींची मर्यादा एकच: कोषावर भरवसा नाही. औषध टाकल्यावर दुसऱ्या दिवशी डास उडाले म्हणजे औषध नकली होतं असं नाही, ते आधीच कोषात गेलेले होते.

राहिली विहीर. मासे सोडायला हरकत नाही, आणि स्टीफन्सीसाठी तो उपाय चांगलाच आहे. विहिरीतून मलेरिया येतो तो याच डासाचा. (हाच आपल्या विहिरीतला डास 2012 पासून जिबुती, इथिओपिया असं करत आफ्रिकेच्या शहरांत शिरला आहे आणि तिथल्या लोकांना आता घाम फोडतो आहे.) लोक गंबुसिया हा अळ्या खाणारा मासा मागतात, तो निगमकडे मिळतोही. बंद विहिरीत तो चालेल, पण उरलेले मासे कौतुकाने नेऊन सिरपुरात किंवा कुठल्याही तलावात सोडू नका. गंबुसिया बाहेरून आणलेला, दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करणारा मासा आहे. तलावात डास आटोक्यात ठेवणारे देशी मासे आधीच आहेत, त्यांचंच नुकसान होईल. विहिरीचं पाणी जरा घाण असेल तर गप्पी बरा, तो कमी प्राणवायूतही तगतो. पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला पाच-दहा मासे, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडा, नाहीतर तापमानाच्या धक्क्याने निम्मे मरतात. त्याआधी विहिरीतला पालापाचोळा आणि निर्माल्य काढून घ्या. पानांच्या थराखाली मासा पोचत नाही आणि अळ्या तिथेच लपतात. तीन आठवड्यांनी बादली सोडून चार कोपऱ्यांतून पाणी काढा. कोष मिळाले तर मासे वाढवू नका, आधी कुठल्या कोपऱ्यात काय तरंगतं आहे ते बघा.